नवं पार्लर, कायमचं गिऱ्हाईक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुळे सोलापुरात तीन महिन्यांपूर्वी पार्लर सुरू केलं. पहिला महिना खुर्ची रिकामी नव्हती. आता दिवसाला दोन-तीन जणी येतात, त्याही फक्त आयब्रोला. जाहिरातीवर पैसे घालू का?

उत्तर : ताई, आत्ताच नको. आधी पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी किती जणी पुन्हा आल्या ते मोजा. उद्घाटनाच्या दिवसांत नातलग, शेजारणी, मैत्रिणी येतात त्या तुमच्या प्रेमापोटी. त्यांतल्या बऱ्याच जणींचं ठरलेलं पार्लर आधीपासून असतं. पार्लरचं भाडं निघतं ते दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पायरी चढणाऱ्यांवर. त्या येत नसतील तर जाहिरातीने नव्या बायका येतील आणि त्याही एकदाच येतील.

मोजायला वही नसेल तर आजच घाला. नाव, मोबाइल, तारीख, काय केलं, कोणतं साहित्य वापरलं, कशाची ॲलर्जी आहे, कोणाच्या सांगण्यावरून आल्या आणि पुन्हा कधी यायचं, एवढे रकाने पुरेत. केस रंगवले असतील तर शेडचा नंबर आणि डेव्हलपर (रंगात मिसळायचं द्रावण) किती टक्क्यांचा, हेही लिहा. पुढच्या वेळी तोच रंग आला नाही की बाई दुसरीकडे जाते.

‘पुन्हा कधी’ हा रकाना पैसे घेतानाच भरायचा. आयब्रो १५ ते २० दिवसांनी, वॅक्सिंग ४ ते ६ आठवड्यांनी, फेशियल महिन्याने, रूट टचअप (मुळाशी वाढलेल्या केसांना रंग) ४ ते ६ आठवड्यांनी. “या म्हणजे झालं” असं मोघम बोलू नका. “वीस तारखेच्या सुमारास वाढतील, सकाळची वेळ ठेवू की संध्याकाळची?” असं विचारा. आदल्या दिवशी एक मेसेज टाका. उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा टाकू नका.

आयब्रोला येणारीला कमी लेखू नका. वर्षातून अठरा-वीस वेळा तुमच्या खुर्चीत बसणारी दुसरी कोणी नाही. तिला घालवणारी चूक ठरलेली आहे. ती डोळे मिटून भुवया ताणून धरते आणि तेवढ्यात आपण म्हणतो, “टॅन किती झालंय, फेशियल करून घ्या ना.” तिला ते लागतं. ती वाद घालत नाही, पुन्हा येत नाही इतकंच. पहिल्या दोन भेटींत फक्त भुवया करा, पण दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते तिला आरशात नीट पाहू द्या. तिसऱ्या वेळी तिनेच चेहऱ्याबद्दल काही विचारलं तर तिला लागू पडेल असं एकच काम सुचवा. भावही तेव्हाच सांगा.

स्वच्छता बोलून दाखवावी लागत नाही, बायकांना ती दिसते. प्रत्येकीला नवा दोरा. वॅक्सच्या डब्यात वापरलेला चमचा पुन्हा बुडवायचा नाही. कात्री-चिमटा आधी धुऊन मग ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा. टॉवेल तर आपल्या गावचाच माल आहे. दोन डझन छोटे टेरी टॉवेल घ्या आणि प्रत्येकीला धुतलेला द्या. पाणी रोज येत नाही, म्हणून टॉवेल धुण्यापुरता साठा वेगळा ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की घामाने वॅक्स धरत नाही. मग तीच जागा दोन-तीनदा ओढली जाते आणि कातडी सोलवटते. आधी त्वचा पुसून कोरडी करा, हलकी पावडर लावा, वॅक्स आपल्या मनगटावर तपासा. एका जागी दोनदाच, उरलेले केस चिमट्याने काढा.

प्रश्न : सात रस्त्याजवळ माझं नवीन पार्लर आहे. सगळ्या कामांवर ५० टक्के सूट द्यावी, असं घरचे म्हणतात.

उत्तर : देऊ नका. समजा फेशियल ५०० रुपयांचं आहे आणि साहित्य, टॉवेल, वीज, मदतनीस धरून ३०० खर्च येतो. हातात २०० उरतात. २० टक्के सूट दिली की ४०० मिळतात, उरतात १००. म्हणजे तेवढीच कमाई व्हायला दुप्पट फेशियल करावी लागतील. ५० टक्क्यांत तर पदरचे ५० जातात. पुन्हा निम्म्या भावाची सवय लागलेली बाई पूर्ण भावाला तुमच्याकडे थांबत नाही, पुढच्या सूटवाल्याकडे जाते.

द्यायचंच तर वरचं काहीतरी द्या. फेशियलबरोबर आयब्रो मोफत. जुन्या गिऱ्हाइकाने नवीन बाई पाठवली तर दोघींना एकेक आयब्रो मोफत, पण नवीन बाईचं काम होऊन पैसे आल्यावरच. वहीतला ‘कोणाच्या सांगण्यावरून’ हा रकाना इथे उपयोगी पडतो.

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात घरातच पार्लर आहे. गल्लीतल्या बहुतेक बायका तेलुगू बोलतात आणि दिवसभर कामावर असतात. दुपारी कोणी येत नाही.

उत्तर : मग दुपारी बंद ठेवा आणि संध्याकाळी सहा ते नऊ उघडा. ओळखीच्या चार-पाच जणींना त्यांची सुट्टी आणि पगाराचा दिवस विचारा. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. भावफलक मराठीबरोबर तेलुगूतही लावा. भाव विचारायला संकोच वाटला की बाई दारातूनच परत जाते. घरात पुरुषांची ये-जा असेल तर पार्लरला जाड पडदा आणि शक्यतो वेगळं दार हवं. याशिवाय वॅक्सिंगचं काम मिळणं अवघड.

प्रश्न : नवरीची कामं कशी मिळवावीत? आणि मेकअप बिघडला तर नाव जाईल, याची भीती वाटते.

उत्तर : नवरीकडे थेट जाण्याआधी तिच्या आसपासच्या बायका धरा. करवली, वहिनी, मावशी यांचं साडी नेसवणं आणि हेअरस्टाइल चोख करा. मांडवात शंभर बायका ते पाहतात. सणांचाही उपयोग करा. श्रावणातली मंगळागौर, गौरी, नवरात्र, दिवाळी, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू, सिद्धेश्वरांची यात्रा. सणाच्या दहा दिवस आधी मेसेज टाका. आदल्या दिवशी सगळ्या एकदम आल्या तर काम घाईत होतं. पितृपक्षात गर्दी नसते. तेव्हा तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचं बुकिंग घ्यायला लागा.

बुकिंग घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या. तारीख, अक्षतांची वेळ, कार्यालयाचा पत्ता, किती जणींचं काम, येण्या-जाण्याचा खर्च, हे सगळं एका कागदावर लिहून दोघींच्या सह्या घ्या. मेकअप, केस आणि साडी मिळून एका नवरीला दोन-अडीच तास धरा. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं घेऊ नका.

ट्रायल महिनाभर आधी, दिवसाच्या उजेडात. मेकअप चार तास ठेवायला सांगून फोटो मागवा. बेस कुठे फुटतो आणि चेहरा कुठे तेलकट होतो ते कळतं. फेशियल लग्नाच्या चार-पाच दिवस आधी, वॅक्सिंग दोन दिवस आधी. नवं ब्लीच किंवा नवी क्रीम शेवटच्या आठवड्यात लावू नका. केसांना रंग लावायचा असेल तर ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट करा.

सर्वांत जास्त फसगत हळदीने होते. आदल्या दिवशीची हळद चेहऱ्यावर राहिली की फाउंडेशन पिवळं दिसतं. स्क्रब घासू नका, त्याने चेहरा लाल होतो. क्लिंझिंग मिल्क किंवा थोडं तेल लावून ओल्या कापसाने दोन-तीनदा हळुवार पुसा. मान आणि कानामागची जागा विसरू नका. मग शेड गळ्याशी जुळवून पाहा.

फोटो टाकण्याआधी नवरीला विचारा आणि तिची परवानगी मेसेजवर लेखी घ्या.

प्रश्न : व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर मेसेज पाठवते, पण निम्म्यांना पोचतच नाही. गूगलवर चांगले रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना आयब्रो मोफत दिली तर चालेल का?

उत्तर : ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून पहिल्याच भेटीत त्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून घ्या. एका यादीत २५६ नावं मावतात. आयब्रोच्या, केसांच्या आणि लग्नाच्या नवरींच्या अशा वेगळ्या याद्या करा. महिन्याला दोन मेसेज पुरे, जास्त झाले की ब्लॉक करतात.

रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमात बसत नाही, असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात. काम आवडल्याचं तोंडाने सांगणारीला तिथल्या तिथे लिंक पाठवा. काय करून घेतलं आणि कोणत्या भागात, एवढं लिहायला सांगा. पार्लरचा पत्ता, वेळ आणि बाहेरच्या पाटीचा फोटो गूगलवर असू द्या. नव्या वस्तीत पार्लर शोधताना बायका तोच पाहतात.