आधी साधी डाळ मागव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. ठाण्यातली बारा हॉटेलं, प्रत्येकापुढे चव, सेवा, वातावरण आणि किंमत असे रकाने, शेवटी पाचपैकी गुण. मांडणी नीटनेटकी आहे. पण मामलेदारची मिसळ, घोडबंदर रोडवरचं पंजाबी रेस्टॉरंट आणि नौपाड्यातलं उडुपी हॉटेल एकाच ओळीत उभं करून तू पहिला, दुसरा, तिसरा नंबर दिलास, तिथे मी अडलो. मामलेदारला वातावरणाचे दोन गुण! तहसील कचेरीशेजारच्या त्या जागेत वातावरण खायला कोण जातं? लोक नाक पुसत, घाम टिपत बाहेर येतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रांगेत दिसतात.

हॉटेलांचा नंबर लावायचं आधी बंद कर. एका वेळी एकच पदार्थ धर आणि तो चार ठिकाणी खा. वडापाव घेतलास तर गजानन, कुंजविहार आणि तुझ्या कॉलेजबाहेरची गाडी, एवढी तुलना होऊ शकते, आणि तिथेही नंबर लावण्याआधी फरक लिही. गजाननकडे लोक वड्याइतकेच त्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी जातात. कुंजविहारचा वडा आकाराने एवढा की एकात माणसाचं भागतं. आता यातलं चांगलं कोणतं? संध्याकाळी सहाला भूक लागलेल्या आणि सातची लोकल पकडायची असलेल्या माणसाला विचारशील तर उत्तर एक येईल, तलावपाळीवर फिरायला निघालेल्याकडून दुसरं.

पंजाबी जेवण देणाऱ्या हॉटेलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फसायला तिथेच जास्त होतं. मेनूकार्डावर पनीरच्या वीस भाज्या असल्या तरी भटारखान्यात ग्रेव्हीची पातेली तीन-चारच असतात. एक कांदा-टोमॅटोची, एक काजू-मगजबीची पांढरी, एक मखनी, फार तर पालकाची हिरवी. या सकाळीच शिजवून ठेवतात. ऑर्डर आली की कढईत दोन पळ्या ग्रेव्ही, त्यावर त्या भाजीचा मसाला, पनीरचे तुकडे, आणि दहा मिनिटांत डिश टेबलावर. यात लबाडी काही नाही. रविवारी रात्री सगळी टेबलं एकदम भरल्यावर दुसऱ्या कुठल्या रीतीने जेवण वाढताच येणार नाही. पण तू एका ठिकाणी पनीर बटर मसाला खाल्लंस, दुसऱ्या ठिकाणी पनीर कढई, आणि पहिलं हॉटेल सरस ठरवलंस. खरं तर तुला मखनी जास्त आवडते, एवढंच त्यातून कळलं. शिवाय मखनीत लोणी, क्रीम, साखर आणि कसुरी मेथी इतकी असते की आचाऱ्याचा हात कसा आहे ते कळतच नाही. (व्हेज कोल्हापुरी तर सोडूनच दे. तीच कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, वर सुकी लाल मिरची आडवी ठेवलेली. कोल्हापूरच्या माणसासमोर हे नाव काढू नकोस.)

म्हणून पंजाबी हॉटेलात शिरलीस की आधी दाल तडका, जिरा राईस आणि तंदुरी रोटी मागव. मित्रमैत्रिणी हसतील, हसू देत. पिवळ्या डाळीत लपायला जागा नसते. डाळ मिळून आलेली आहे की वाटीत खाली डाळ आणि वर पाणी, ते बघ. फोडणीतला लसूण सोनेरी आहे की काळा पडून कडवट झालाय, ते एका घासात समजतं. सकाळची डाळ रात्री पुन्हा पुन्हा गरम केलेली असेल तर ती चिकट, घट्ट लागते आणि वरची ताजी फोडणी तिच्यात मिसळतच नाही, नुसती तरंगते. भाताचं शीत सुटं आणि मऊ हवं; उरलेला भात जिऱ्यावर परतला असेल तर तो कोरडा, तुटका निघतो. रोटी भट्टीतून आल्या आल्या तोडून बघ, कारण पाच मिनिटांनी सगळ्यांच्याच रोट्या चामट होतात आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही. ज्याची डाळ नीट, त्याच्याकडे पनीर खायला दुसऱ्यांदा जा. उलटा अनुभव मला क्वचितच आला आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवताना मी हेच करायला लावायचो आणि मुलं कुरकुरायची.

उडुपीत साधा डोसा आणि सांबार. मसाला डोसा नको, बटाट्याची भाजी पिठाचे दोष झाकते. पीठ आंबण्याचा खेळ हवेवर असतो. उन्हाळ्यात ते लवकर फुगतं आणि जरा दुर्लक्ष झालं तर आंबट होतं, थंडीत त्याला जास्त तास लागतात. तेव्हा जानेवारीत खाल्लेला डोसा मे महिन्यातल्या डोशाशी ताडून बघू नकोस. चार हॉटेलं एकाच पंधरवड्यात उरक. वेळही एकच ठेव. सकाळी नऊचं सांबार आणि रात्री साडेनऊचं सांबार एकाच पातेल्यातलं असलं तरी एक नसतं. आपल्याकडे ते गोडसर करतात, याची चीड काही जणांना येते, मला येत नाही. मात्र गोडी गुळाची असावी आणि मागून चिंच लागावी. ही चव मुळात कशी असते ते जिभेला कळावं म्हणून एकदा लोकलने माटुंग्याला जाऊन ये. मध्य रेल्वेच्या स्टेशनसमोरच रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. तिथे केळीच्या पानावर जेव आणि मग ठाण्यात परत येऊन गुण दे.

मासे. तुझ्या यादीत दोन मालवणी खानावळी आहेत आणि दोन्हींत तू जुलैमध्ये गेलीस. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, त्यामुळे त्यानंतर थोडा माल तिकडून येतो, बाकी बर्फातला. त्या दिवसांत सुरमई महाग आणि कोरडी लागली यात खानावळीचा काय दोष? नारळी पौर्णिमा होऊ दे, श्रावण संपू दे, मग जा. तेही बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी, कारण आपल्याकडे लोक त्याच वारांना मासे खातात आणि म्हणून त्याच वारांना माल खपून ताजा येतो. सोलकढी आधी मागव. नारळाचं दूध त्या दिवशीचं असेल तर ती हलकी लागते. फार भडक गुलाबी दिसली तर मी दुसरा पेला घेत नाही. वडे आणि तांदळाची भाकरी यांची तुलना करू नकोस. वडे मालवणी ताटातले, भाकरी आगरी-कोळ्यांच्या ताटातली, आणि ठाणे हा आगरी-कोळ्यांचाच मुलूख. घोडबंदर रोडला आगरी जेवण देणारे जे ढाबे आहेत त्यांची यादी वेगळी कर.

आता पैसे. तुझ्या किमतीच्या रकान्यात काही आकडे मेनूकार्डावरचे, काही ॲपवरचे आहेत. हे चालणार नाही. पुष्कळ हॉटेलं ॲपवर भाव चढवून लावतात, कारण त्यातून कमिशन जातं. वर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी. एकतर सगळीकडे बसून खा, नाहीतर सगळं घरी मागव. आणि घरी मागवणार असशील तर डोसा आणि भजी यादीतून काढ, डब्यातल्या वाफेने त्यांचं काय होतं ते तुला माहीत आहे. बिर्याणी त्या प्रवासात टिकते.

बिल हातात आल्यावर वाच. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेताच येत नाही. तुझ्या एका फोटोतल्या बिलात सर्व्हिस चार्ज १० टक्के आहे आणि तू तो मुकाट्याने दिलास. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली की हा चार्ज हॉटेलने बिलात आपोआप लावायचा नाही, कुठल्या दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. 'हा काढून द्या' असं शांतपणे म्हणायचं. वेटरला टीप द्यायचीच असेल तर त्याच्या हातात दे. मग माणशी किती पडले ते लिही, डिशची किंमत लिहू नकोस. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या हॉस्टेलच्या पोरांना तेवढाच आकडा लागतो.

स्वच्छतेला तू गुणच दिले नाहीस. काउंटरमागे एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असतं, त्यावर चौदा आकडी क्रमांक. ते आहे का बघ. त्याहून जास्त मी टेबल पुसायच्या फडक्याकडे आणि हात धुवायच्या बेसिनकडे बघतो. तळणाच्या गाडीवर तेलाचा रंग आणि धूर. वापरून वापरून तेल बिघडलं की त्यात पोलर कंपाउंड्स वाढतात. कायद्याने ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. तुझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण वडा खाल्ल्यावर तासभर घसा खवखवला तर वहीत तसं लिहून ठेव.

ॲपवरच्या ४.१ आणि ४.३ या फरकावरून काही ठरवू नकोस. खूश झालेला लिहितो, चिडलेला लिहितो, नेहमी येणारा गिऱ्हाईक जेवून, पैसे देऊन निघून जातो. त्याच्याशी बोल. आणि चौघं मिळून जाल तेव्हा आपापलं मत आधी फोनमध्ये टिपून ठेवा, मग बोला. पहिला जो मोठ्याने 'भारी' म्हणतो, त्याच्यामागे बाकीचे वाहत जातात.

एक गोष्ट मात्र पाळशीलच. रील करतेस म्हणून कुणी फुकट जेवण देऊ केलं तर एकतर नको म्हण, नाहीतर फुकट खाल्लं असं तिथेच सांग. आणि वाईट लिहायचं असेल तर दुसऱ्यांदा जाऊन आल्याशिवाय लिहू नकोस, विशेषतः जिथे नवरा-बायको आणि एक पोऱ्या मिळून सगळं चालवतात तिथे. मोठ्या हॉटेलला तुझ्या दोन ओळींनी काही होत नाही, यांचा गल्ला त्या आठवड्यात हलका होतो.

यादीतलं नववं नाव काढून टाक. तिथे तू गेलेलीच नाहीस, वर्णन दुसऱ्या कुणाचं आहे हे वाचताना कळतं. त्याऐवजी कोपरीत सिंधी दाल-पकवान खाऊन ये. रविवारी जाणार असशील तर लवकर नीघ, आणि डाळ पकवानावर ओतून घेऊ नकोस, वाटीत वेगळी माग. मग चार हॉटेलांच्या दाल तडक्याचा तक्ता मला पाठव, गुणांचा रकाना कोरा ठेवून.

तुझा,
सर