वसंतात कोणतं बी थेट वाफ्यात पेरू आणि कशाची रोपं करू?

तुमच्याकडे गाजर, मटार, पालक, घेवडा, काकडी आणि टोमॅटोची पाकिटं आहेत आणि थंडी ओसरली की सगळंच बी बाहेर पेरलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. टोमॅटो सोडून बाकी पाचही थेट वाफ्यात पेरा, फक्त एकाच दिवशी पेरू नका.

मी आधी मुळाचा विचार करतो. गाजर म्हणून आपण खातो ते त्याचं सोटमूळच. बी रुजलं की ते सरळ खाली घुसतं, आणि रोप हलवताना त्याचं टोक दुखावलं की फाटे फुटतात. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने गाजराची रोपं ट्रेमध्ये वाढवून मग वाफ्यात लावली होती. खणल्यावर एकही गाजर सरळ निघालं नाही. मुळ्याचंही तसंच. बीट मात्र कोवळं असताना हलवलेलं सोसतं. मटार-घेवड्याच्या दाण्यातच भरपूर शिदोरी असते, त्यामुळे अंकुर जोमाने वर येतो. त्यांची रोपं करण्यात वेळ घालवू नका. काकडी-भोपळ्याच्या मुळांना धक्का लागला की वेल बरेच दिवस रुसून बसतो.

टोमॅटोची गोष्ट उलटी आहे. त्याला रुजायला ऊब हवी आणि फळ धरायला काही महिने. बाहेर ऊब येईपर्यंत थांबलात, तर हंगाम हातचा जातो. शिवाय त्याची मुळं तुटली तरी पुन्हा फुटतात, मातीत गाडलेल्या खोडालाही मुळं येतात. मिरची आणि वांग्याचीही रोपंच करावीत.

आता पेरायचं कधी? कॅलेंडर बाजूला ठेवा आणि साधा थर्मामीटर सकाळी मातीत ५ सेंटीमीटर खोल खुपसा. तीन-चार दिवस आकडा बघा. दुपारी हवा कितीही उबदार वाटली तरी माती मागेच असते. ५ अंशांच्या आसपास मटार आणि पालक रुजू लागतात. गाजरही रुजतं, पण त्या थंडीत त्याला सुमारे ७ आठवडे लागतात. १० अंशांना अडीच आठवडे आणि २० अंशांना जेमतेम आठवडा. म्हणून गाजरासाठी मी १० अंशांची वाट बघतो. घेवडा १५ अंशांच्या आत पेरूच नका. थंड ओल्या मातीत दाणा पाणी पिऊन फुगतो, पण रुजत नाही आणि कुजतो. घाई करून मी अख्खी ओळ अशीच गमावली आहे, उकरून पाहिलं तर नुसता लगदा. काकडीला किमान १६ लागतात, २० झाले तर फारच छान.

पालकाला मात्र उशीर चालत नाही. दिवस मोठे आणि गरम झाले की पानं धरायच्या आत तो तुऱ्यावर येतो. त्यामुळे मटार आणि पालक सर्वांत आधी.

आकडा जुळला तरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीतलं जादा पाणी ओसरून ती मोकळी झाल्याशिवाय, पेरू नका. मूठभर माती दाबा; गोळा होऊन बोटाने टोचल्यावर भुगा झाला तर ठीक, चिखलासारखा राहिला तर थांबा.

गाजराचं बी बारीक, ते १ सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर वर यायला धडपडतं. वरची माती सुकून पपडी धरली तरी कोंब अडकतात, म्हणून उगवेपर्यंत रोज हलकं पाणी शिंपडा. त्याच ओळीत थोडं मुळ्याचं बी मिसळा. मुळा आधी उगवून पपडी फोडतो आणि ओळ कुठे आहे ते दाखवतो, त्यामुळे खुरपणी करता येते.

रात्री दव गोठायचं थांबायला अजून सहा ते आठ आठवडे असतील, तर टोमॅटोचं बी आजच घरात ट्रेमध्ये टाका.