भावाच्या लग्नात काळा सूट घालू की नेव्ही ब्लू?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरमध्ये नाशिकला मोठ्या भावाचं लग्न आहे, पहिल्यांदाच सूट शिवताय आणि मनात नेव्ही ब्लू आहे. पण मित्र म्हणतात, वॉचमनसारखा दिसशील, शिवाय तू सावळा, काळाच घे.

मी नाशिकमध्ये २३ वर्षं सूट कापतोय. नेव्ही ब्लूच घ्या.

आधी घरातली बाजू. शुभकार्यात काळं नको म्हणणारी एखादी आजी किंवा आत्या बहुतेक घरांत असते. काळ्याची हौस आपण संक्रांतीला भागवतो. मुलगा हौसेने काळा सूट नेतो, घरी कुरबूर होते आणि लग्न आठ दिवसांवर आलं की तो दुसरा शिवून मिळेल का म्हणून परत येतो. हे मी बऱ्याच सीझनला पाहिलंय. नेव्ही ब्लूला अजून कुणाच्या आजीने नाही म्हटलेलं नाही. शिवाय लग्नानंतर तोच सूट मुलाखतीला आणि ऑफिसच्या कार्यक्रमालाही चालतो.

वॉचमनची भीती मला कळते. हा रंग मुळात गणवेशाचाच आहे. ब्रिटिश नौदलाने १७४८ मध्ये अधिकाऱ्यांना गडद निळा गणवेश ठरवून दिला, म्हणून तो ‘नेव्ही’ ब्लू. पण आपल्याकडचा गणवेश ओळखू येतो तो निळ्या पँटवर निळाच शर्ट असल्यामुळे आणि कापड चकाकणारं पॉलिस्टर असल्यामुळे. तेव्हा आत निळा शर्ट नको आणि कापडाला चकाकी नको.

सावळ्या रंगाचं म्हणाल, तर मी गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करतो आणि एका खांद्यावर काळं कापड टाकतो, दुसऱ्या खांद्यावर नेव्ही. काळ्याच्या बाजूला चेहरा विझल्यासारखा वाटतो. नेव्हीच्या बाजूला सावळ्या कातडीतला तांबूसपणा वर येतो. बहुतेक जण काही न बोलता स्वतःच काळं कापड खांद्यावरून काढून ठेवतात. तुम्हीही कुठल्याही दुकानात हे करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

खरी चूक होते ती शेड निवडताना. ट्यूबलाइटखाली दहा नेव्ही एकसारखेच दिसतात. तागा उचलून दुकानाच्या दारात उन्हात न्यायला सांगा आणि आपला काळा बेल्ट त्यावर ठेवा. बेल्टशेजारी कापड निळं आहे हे लगेच कळलं पाहिजे. जांभळट झाक असेल तर सोडून द्या, आणि शाळेच्या शाईसारखा उजळ निळाही नको. फार गडदही घेऊ नका, कारण गंगापूर रोडच्या लॉन्सवर संध्याकाळी पिवळे दिवे लागले की तो काळाच दिसतो, मग आजीची समजूत कोण काढणार? ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेला इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड, याला रात्रीच्या पोशाखासाठी मिडनाइट ब्लू (जवळजवळ काळा निळा) आवडायचा तो याचमुळे, दिव्यांच्या उजेडात तो काळ्यापेक्षाही गडद दिसतो. तुम्हाला त्याच्या एक पायरी अलीकडचा हवा.

कोट आणि पँट एकाच ताग्यातून, एकाच दिवशी कापून घ्या. याबाबतीत माझ्या हातून एकदा चूक झालीय. एका गिऱ्हाइकाचा कोट उत्तम होता, पँट फाटली होती. मी त्याच मिलच्या दुसऱ्या ताग्यातून पँट शिवली. दुकानात दोन्ही एकजीव दिसत होते. दुपारच्या मुहूर्तावर मंडपाबाहेर उन्हात कोट निळा आणि पँट हिरवट दिसायला लागली. त्याने तक्रार केली नाही, पण फोटो मी पाहिलेत. तेव्हापासून मी सूटबरोबर दुसरी पँट त्याच वेळी शिवून घ्या म्हणतो. पँट आधी झिजते, कोट टिकतो. उंची-बांधा मध्यम असेल तर सूटला साधारण सव्वातीन मीटर कापड लागतं, दुसऱ्या पँटसाठी सव्वा मीटर जास्त.

कापड टेरीवूल (पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेलं) किंवा शुद्ध लोकर, मीटरला २५० ते २८० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री थंडी असते, पण हाच सूट तुम्हाला एप्रिलच्या लग्नातही घालायचाय.

शर्ट पांढरा, नाहीतर फिकट आकाशी. टाय मरून. बूट गडद तपकिरी घ्या, बेल्ट त्याच रंगाचा. काळे बूटही चालतात, पण दिवसाच्या लग्नात नेव्हीखाली तपकिरी चामडं जिवंत दिसतं. बटणं गडद तपकिरी किंवा नेव्ही. सोनेरी बटणं ब्लेझरला शोभतात, सूटला नाही.

इस्त्री थेट फिरवू नका. कोपरावर आणि बसायच्या जागी नेव्ही लवकर चकाकायला लागतो. वर ओलसर मलमल टाकून वाफ द्या आणि दर वेळी घातल्यावर ब्रश मारा, या रंगावर टॉवेलचा तंतूसुद्धा दिसतो.

ट्रायलला लग्नातलेच बूट घालून जा, नाहीतर पँटची उंची चुकते. आणि मोजे नेव्हीच घ्या, दोन नवे जोड. नवरदेवाचा भाऊ म्हणून मंडपात बूट काढून तुम्ही अर्धा दिवस मोज्यांवरच वावरणार आहात.