घरी लाकडी कयाक: सुतारकाम जमेल, रेझिनचं वेळापत्रक सांभाळा

पुण्यात गच्चीवर चौदा फुटी लाकडी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बांधायची आहे, सुतारकाम येत नाही, आपल्याकडचं मरीन प्लाय चालेल का, असं विचारलंय तुम्ही. चालेल. आणि सुतारकामाची धास्ती सोडा. कर्व्हवर जिग-सॉ चालवता येत असेल आणि रंधा हातात धरवत असेल, तर तेवढं पुरे. होडी बिघडते ती पुढे, रेझिन कालवताना (म्हणजे इपॉक्सी, हार्डनर मिसळला की घट्ट होणारा चिकट द्रव).

तुमच्यासाठी प्लाय तारेने शिवून चिकटवायची पद्धत योग्य. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात मिरर या छोट्या शिडाच्या होडीमुळे ती घरोघरी पोचली. जॅक होल्ट हे होड्यांचे रचनाकार आणि बॅरी बकनेल हे टीव्हीवर घरगुती दुरुस्त्या शिकवणारे गृहस्थ, अशा दोघांचं ते काम. शिवलेली होडी म्हटल्यावर अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेली, 2025 मध्ये नौदलात आलेली ‘कौंडिण्य’ आठवेल. पण तिथे काथ्याची शिवण फळ्यांना कायमची धरून ठेवते. आपली तार चार दिवसांची पाहुणी, नंतर काढून टाकायची. पट्ट्यापट्ट्यांची कयाक दिसते देखणी, पण हलकं देवदारासारखं सरळ रेषांचं लाकूड आणि भरपूर चिकाटी लागते. पहिल्या खेपेला नको.

आता प्लाय. परदेशी आराखड्यात 4 मिमी ओकुमे, म्हणजे एका हलक्या आफ्रिकन लाकडाचं प्लाय, लिहिलेलं असतं. आपल्याकडे आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेलं मिळतं, ते बहुधा गर्जन या जड लाकडाचं. आठ बाय चारची ओकुमेची शीट साधारण सहा किलोची, तर गर्जनची आठच्या पुढे. म्हणजे होडी चार-पाच किलोंनी जड होईल. तळ्यात काही बिघडत नाही, गाडीच्या टपावर चढवताना जाणवेल. दुकानदार ‘मरीनच आहे साहेब’ म्हणेल, पण शीटची कड स्वतः बघा: मधल्या थरात फटी दिसल्या तर ती शीट नको. एक तुकडा मागून आणा, चार-पाच तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर दुकान बदला. वरचे दोन थर कागदासारखे पातळ आणि मधला जाड, असं तीन थरी प्लायही टाळा, ते एका दिशेने पटकन मोडतं.

आराखडा विकतच घ्या, अंदाजाने काढू नका. प्लॉटरवर (मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर) छापून घेतलात तर त्यावरची मोजपट्टी फुटपट्टीने ताडून पाहा, छापताना ‘पानात बसवा’ झालेलं असतं. आठ फुटी शीटमधून चौदा फुटी फळी काढायला तिरका सांधा लागतो: दोन्ही कडा उतरत्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या. उताराची लांबी जाडीच्या आठपट, म्हणजे 4 मिमीला 32 मिमी. शीटा एकावर एक जिन्यासारख्या सरकवून ठेवा आणि सगळ्यांवर एकदम रंधा फिरवा. थरांच्या रेघा सरळ दिसल्या की उतार बरोबर.

तांब्याची तार मोटर वाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते. भोकं दर दहा सेंटिमीटरला पाडा आणि तार पकडीने हलकेच पिळा. मग सगळ्यात महत्त्वाचं: दोन सरळ पट्ट्या होडीवर आडव्या ठेवा, एक पुढे आणि एक मागे, आणि टोकाकडून डोळा लावून बघा. पट्ट्या समांतर नसतील तर होडीला पीळ आहे. आत्ता तो हाताने निघतो. रेझिन सुकल्यावर होडी तशीच राहील आणि जन्मभर एका बाजूला ओढत राहील. टोकाशी गर्जन वळायला कुरकुरलं तर जुना टॉवेल टाकून वर गरम पाणी ओता.

रेझिनसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा (आणि परत नेऊ नका). हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेवढंच, लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर कच्चंच राहतं. कालवलेलं रेझिन खोल डब्यात ठेवलं तर तापून धूर सोडतं, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. तारांमधल्या जागी आधी ठिपके द्या. ते सुकले की तारा काढा, अडकलीच एखादी तर सोल्डरिंग आयर्नने तापवून ओढा. मग रेझिनमध्ये बारीक लाकडाचा भुसा आणि सिलिकाची पूड घालून आतल्या कोपऱ्यांत गोलाई भरा, वर फायबरची पट्टी.

वेळेचा खरा घोळ इथे आहे. सकाळी लाकूड तापत असताना रेझिन लावलं तर आतली हवा फुगून बुडबुडे येतात. म्हणून ऊन उतरायला लागल्यावर लावावं. पण फार उशीर केला तर रात्रीच्या दमटपणाने वर मेणचट थर येतो. तो पाणी आणि हिरव्या घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा, नाहीतर पुढचा हात धरत नाही. मी दुपारी चारच्या सुमारास लावतो. दिवाळीनंतर सुरुवात करा, पावसाळ्यात नको. डिसेंबरच्या थंडीत रेझिन मंद होतं, तेव्हा डबा आधी कोमट पाण्यात ठेवा.

नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची राहते. शेवटी यूव्ही रोखणारं वार्निश किंवा दोन भागांचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग हवाच, कारण उन्हात उघडं इपॉक्सी पिवळं पडून पिठूळ होतं.

पुढच्या-मागच्या टोकांशी हवाबंद कप्पे करा, उलटली तरी बुडणार नाही. पहिल्यांदा उतराल तेव्हा लाइफ जॅकेट घाला आणि कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटून बाहेर पडून बघा. धरणाचं पाणी असेल तर उतरण्याआधी पाटबंधारे विभागाकडे विचारा, सगळीकडे परवानगी नसते.

आराखडा ठरला की सांगा, शीटा किती लागतील ते कळवतो. तोवर गच्चीच्या जिन्याचं वळण मोजून ठेवा. तिथून चौदा फूट निघत नसतील तर दोन तुकड्यांत जोडायचा आराखडा घ्यावा लागेल.