घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस आणि अँटिस्पायवेअर कोणतं घ्यावं? विकतचंच लागतं का?

तुमचा प्रश्न असा: घरात एकच कॉम्प्युटर, मुलगा दहावीत आणि गेमवेडा, मिस्टरांचं नेटबँकिंग त्याच मशीनवर, तर अँटिव्हायरस फुकटचा चालेल का विकतचा घ्यावा, आणि स्पायवेअरसाठी, म्हणजे गुपचूप आपली माहिती चोरणाऱ्या प्रोग्रामसाठी, वेगळं काही लागतं का. एवढंच असतं तर मी वाचून पुढं गेले असते. पण तुम्ही खाली लिहिलंय, "माझे दीर कॉम्प्युटर लाईनमधले आहेत, ते म्हणतात विकतचाच घ्या, फुकटचं ते फुकटचं." हे वाक्य मी २०१९ पासून प्रत्येक लग्नात, बारशात आणि वास्तुशांतीत ऐकत आलेय.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. विंडोज ११ असेल तर त्याच्यासोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. स्पायवेअरसाठी वेगळं काही घेऊ नका, ते दिवस गेले. पूर्वी अ‍ॅड-अवेअर, स्पायबॉट असलं काहीतरी अँटिव्हायरसच्या जोडीला टाकावं लागायचं. डिफेंडर तर जन्मालाच अँटिस्पायवेअर म्हणून आला. मायक्रोसॉफ्टनं २००४ च्या डिसेंबरात जायंट नावाची छोटी कंपनी घेतली, तिचं सॉफ्टवेअर पुढं डिफेंडर झालं. व्हिस्टात, म्हणजे विंडोजच्या एका जुन्या आवृत्तीत, तो नुसतं स्पायवेअर बघायचा, २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस झाला. लोकांच्या डोक्यात मात्र तो अजून व्हिस्टातलाच आहे. आमच्या भावजींच्याही.

आता भावजींचं सांगते.

मी राजारामपुरीत घरीच डीटीपी करते, २००३ पासून. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांचे सहामाहीचे पेपर. विंडोज एक्सपीच्या काळात सर लोक पेनड्राइव्ह घेऊन यायचे आणि त्यात फोल्डरचं चित्र लावून बसलेली एक्झी फाइल असायची, नाव ‘न्यू फोल्डर’. फोल्डर समजून डबल क्लिक केलं की मशीन गेलं. मग शॉर्टकटवाला आला. तो सगळे फोल्डर लपवायचा, त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवायचा, आणि सर डोक्याला हात लावून म्हणायचे पेपर उडाले. काळ्या खिडकीत अ‍ॅट्रिबची एक ओळ मारून मी किती जणांचे पेपर परत आणलेत त्याचा हिशेब नाही. एका सरांनी त्यापायी गुळाची अख्खी ढेप आणून दिलेली. सांगायचं कारण एवढंच, की मला माऊस धरायला कुणी काल शिकवलेलं नाही.

तर २०१९. माझ्या मशीनवर विकतचा अँटिव्हायरस होता. दुकानातून डबा आणलेला, रिन्यूअल वेळेत भरलेलं. नाव सांगत नाही, कारण त्याची काही चूक नव्हती. फक्त लक्षात ठेवा, विकतचा होता.

तुळशीच्या लग्नाला भावजी पुण्याहून आलेले. दुपारी मी लक्ष्मीपुरीत पत्रिकेचा कागद आणायला गेले. परत आले तर ते खुर्चीतून उठत होते. "वहिनी, कोरलचं नवीन व्हर्जन टाकून दिलंय. तुम्ही अजून जुन्यावरच बसलाय." कोरल म्हणजे पत्रिकांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. बरं म्हटलं. स्क्रीनवर विंडोज अपडेटची खिडकी, टक्के हळूहळू चढतायत. अपडेट होतंय तर होऊ दे, म्हणून मी कणीक मळायला गेले.

ती खिडकी खोटी होती. तिच्या आडून माझी एकेक फाइल कुलूपबंद होत होती.

रात्री बसले तर प्रत्येक फाइलच्या नावामागं चार अक्षरांचं शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. तेव्हाच्या भावानं पस्तीस हजाराच्या आसपास. सवलत देणारा दरोडेखोर मी पहिल्यांदाच बघितला. हातात अकरा पत्रिका होत्या. कळंब्याच्या एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत निमंत्रकच अडतीस, वर ‘चिमुकल्यांची किलबिल’ मध्ये एकवीस पोरं, आणि ‘श्रेया’ का ‘श्रिया’ यावरून तीन प्रूफं झालेली. ते सगळं परत रात्रभर टाइप केलं. एक नाव राहिलंच. त्या बाई अजून मला महाद्वार रोडला ओळख देत नाहीत.

सकाळी घरात पंचायत बसली. भावजी चहा पीत म्हणाले, "वहिनींनी कुठल्यातरी लिंकवर क्लिक केलं असणार. आणि फुकटचा अँटिव्हायरस असला की हे असंच."

"मी घरात नव्हतोच की भावजी, लक्ष्मीपुरीत गेलेलो," म्हटलं मी. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना गेलो-आलोच म्हणतो, लिहिताना तेवढं सांभाळते.) पण सासूबाईंनी मान हलवली, मिस्टर पेपर वाचत राहिले, आणि विषय संपला. इंजिनिअर बोलला म्हणजे बोलला.

माझ्यापुरता नव्हता संपला. अँटिव्हायरसच्या रिपोर्टमध्ये तो कधी चालू होता, कधी बंद केला, याची नोंद असते. तिथं स्पष्ट होतं: संरक्षण बंद केलं, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. कागदवाल्याच्या छापील बिलावर वेळ ४ वाजून २० मिनिटं. भावजींनी उतरवलेल्या कोरलच्या फोल्डरात सूचनांची फाइल होती, तिची पहिली ओळच ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. त्यांनी आज्ञाधारकपणे केला. चोरानं सांगितलं कुत्रं बांधून ठेवा, यांनी बांधलं, वर दोष कुत्र्याच्या जातीला. रिपोर्ट आणि बिल स्टेपल करून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

या जातीच्या व्हायरसला स्टॉप म्हणतात, आणि तो मुख्यतः असल्या क्रॅक आणि की-जेनमधूनच, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायच्या चोरट्या फायलींतूनच, पसरायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीनं कुलूप उघडणारं फुकट टूल काढलेलं, पण ते बहुतेक करून जुन्या प्रकारांना चालायचं. नव्यात किल्ली त्यांच्या सर्व्हरवर तयार व्हायची, दर मशीनला वेगळी. माझं नव्यातलं निघालं. पैसे भरले नाहीत, भरूही नयेत. वाचलं ते ऑगस्टच्या महापुरामुळं. राजारामपुरीत पाणी येत नाही, पण शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली अवस्था बघून मी धसका घेतला आणि सगळं एका हार्डडिस्कवर काढून माहेरी, गडहिंग्लजला ठेवून आले. त्यामुळं गेलं ते तीन महिन्यांचंच काम. डिस्क मशीनला लावून ठेवली असती तर तीही गेली असती; लावलेलं काही तो सोडत नाही.

आणि तुमचा स्पायवेअरचा मुद्दा इथं येतो. या स्टॉपसोबत बऱ्याचदा पासवर्डचोरही यायचा, अ‍ॅझोरल्ट नावाचा. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलून पाठवून द्यायचा. कुलूप दिसतं, तो दिसत नाही. मी दुसऱ्याच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले आणि विंडोज नव्यानं टाकलं. मिस्टरांना सांगा, बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करायचा नाही. मशीनवर शंका आली तर बदलायचा तो दुसऱ्या मशीनवरून.

भावजींनी नंतर चूक सुधारायला म्हणून एकावर एक दोन अँटिव्हायरस टाकले. दोघंही प्रत्येक फाइल तपासणार, एकमेकांवरही संशय घेणार. मशीन चालू व्हायला चहा होऊन कप विसळेपर्यंत वेळ लागायचा. एका वेळी एकच. दुसरा टाकलात की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, हेही ध्यानात असू द्या.

तुम्ही खरं करायचं ते हे: मुलाला वेगळं साधं खातं काढून द्या, अ‍ॅडमिनचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड स्वतःकडे. दिरांकडेही नको. कुलूपवाला व्हायरस अ‍ॅडमिनशिवायही चालतो, पण मग बहुतेक करून पोराच्याच फायली जातात, मिस्टरांच्या नाही. डिफेंडरमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली (रॅन्समवेअर म्हणजे हाच कुलूपवाला) फोल्डर राखायची सोय आहे, ती मुळात बंद असते, चालू करा. पहिले दोन दिवस चांगल्या प्रोग्रामलाही अडवेल, तेवढी कटकट सोसा. आणि कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ असं सारखं येत असेल तर तो बहुधा व्हायरस नसतो. पोरानं कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका.

फुकटातल्या बाहेरच्या अँटिव्हायरसबद्दल मात्र दिरांचं थोडं खरं आहे, मान्य करते. अ‍ॅव्हास्ट आपल्या जंपशॉट कंपनीमार्फत लोक नेटवर काय बघतात ती माहिती विकत होतं. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर ती कंपनी बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. विकतच्यालाही माझा विरोध नाही. क्विक हील काटकर बंधूंनी पुण्यात उभं केलं, थोरले कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. मराठी माणूस म्हणून मलाही बरं वाटतं. पण बरं वाटतं म्हणून रिन्यूअल भरू नका. पोरांच्या वेळेवर ताबा, फोनवर मदत असलं काही हवं असेल तर भरा.

आणखी एक, लपवून काय उपयोग. माझं जुनं कोरलही दुकानदारानं असंच, पैसे न भरता, टाकून दिलेलं होतं. श्रीलिपी हे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर तेवढं डोंगलचं (मशीनला किल्लीसारखं लावावं लागतं ते), पैसे मोजून घेतलेलं. म्हणजे भावजींनी जे एका दुपारी केलं त्यावर मी कितीतरी वर्षं काम करत होते, नशिबानं काही झालं नाही एवढंच. आता कोरलचे पैसे भरते. पण अँटिव्हायरस मी बंद केला नव्हता, ४ वाजून १२ मिनिटांनी मी लक्ष्मीपुरीत होते.

विंडोज कुठलं आहे आणि रॅम किती, तेवढं खाली लिहा. १० असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, आणि ७ असेल तर अँटिव्हायरसवर रुपयाही घालू नका, तो नव्या मशीनसाठी बाजूला ठेवा.