लॅपटॉप स्लीपमधून उठला की यूएसबी वजनकाटा सापडत नाही, केबल काढून घातली की चालतो. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला. काय करू?

चौथ्यांदा टाकू नका. केबल काढून घातली की काटा चालतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ड्रायव्हर जागेवर आहे. बिघाड झोपेतून उठण्यात आहे.

मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात हाच त्रास होता. दिवाणजी जेवून आले, लॅपटॉपचं झाकण उघडलं, काट्यावर पोतं चढलं. काट्याच्या लाल आकड्यांत 52.340 दिसतंय आणि बिलाच्या खिडकीत शून्य! मागं हमाल पाठीवर पोतं घेऊन उभा. दुकानदाराचा वहीम काट्यावर, पण आकडा बरोबर दाखवतोय म्हटल्यावर काटा निर्दोष. गडबड काटा आणि लॅपटॉप यांच्यामधल्या यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरची, म्हणजे काट्याचा जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट यूएसबीला जोडणाऱ्या त्या निळ्या वायरची होती.

यूएसबीचा नियम असा, की बसवर, म्हणजे यूएसबीच्या तारेवर, 3 मिलिसेकंद सामसूम झाली की जोडलेल्या यंत्रानं झोपायचं आणि झोपेत 2.5 मिलिअँपिअरच्या वर करंट ओढायचा नाही. झोपतात सगळीच, उठताना स्वस्तातली चिप अडते. लॅपटॉपनं स्लीपमध्ये पोर्टाचा करंटच तोडला असेल तर आणखी पंचाईत, कारण चिप आपला बॉड रेट, म्हणजे काट्याशी बोलायचा ठरलेला वेगसुद्धा विसरते. उठल्यावर तो पुन्हा सांगणं हे ड्रायव्हरचं काम. त्यानं ते केलं नाही तर पोर्ट दिसतो, पण वजनाच्या जागी शून्य नाहीतर चित्रविचित्र अक्षरं येतात.

म्हणून पुढच्या वेळी बंद पडलं की केबलला हात लावायच्या आधी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या यंत्रांची यादी, उघडा. कन्व्हर्टर यादीतच नाही किंवा त्यावर पिवळं चिन्ह आहे, तर तो उठलेलाच नाही. यादीत नीट दिसतोय आणि बिलाचा प्रोग्रॅम गप्प आहे, तर दोष बहुतेक प्रोग्रॅमचा.

पहिल्या प्रकारात तिथंच खाली 'यूएसबी रूट हब' असेल, बहुधा एकापेक्षा जास्त. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर वीज वाचवायला हे यंत्र बंद करण्याची परवानगी देणारी टिक असते, ती काढा. कन्व्हर्टरलाही तो टॅब असला तर तिथलीही. मग पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही, तेव्हा टिकेवर भागवा. बॅटरी किंचित लवकर उतरेल; दिवसभर चार्जर लावलेल्या दुकानात त्याचं काय एवढं!

यानंतर शट डाउन करू नका, रीस्टार्ट करा. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलंय. त्यात शट डाउन करताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर आहेत तसे डिस्कवर ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. त्यामुळं 'रात्री बंद केला होता की' याला अर्थ राहत नाही.

दुसरा प्रकार जास्त चिवट. यंत्र एकदा निसटून परत आलं की प्रोग्रॅमच्या हातात राहते ती जुन्या कुलपाची किल्ली. त्यानं पोर्ट बंद करून पुन्हा उघडला पाहिजे, बॉड रेट नव्यानं लावला पाहिजे. बरेच बिलिंग प्रोग्रॅम हे करत नाहीत. प्रोग्रॅम बंद करून उघडल्यावर वजन येत असेल तर ते बनवणाऱ्याला नेमकं एवढंच सांगा: 'वाचताना चूक आली तर पोर्ट बंद करून परत उघडा.' चार ओळींचं काम आहे, पण आमच्या वेळी ते व्हायला महिना गेला. तोवर आम्ही झाकण मिटल्यावर 'काहीच करू नको' असं सेटिंग लावून, आपोआप स्लीपची वेळही 'नेव्हर' करून दिवस काढले.

मला यातलं बरंचसं लिनक्समुळं समजलं, तिथं ड्रायव्हर उघडून वाचता येतो. करंट टिकला असेल तर 'रिझ्यूम', तुटला असेल तर 'रिसेट-रिझ्यूम', अशी दोन वेगळी फंक्शन असतात. दुसरं लिहिलेलंच नसेल तर कर्नल ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडतो आणि उघडा असलेला प्रोग्रॅम लोंबकळतो.

अजून एक. पोर्ट बदलू नका. ज्या कन्व्हर्टरला स्वतःचा सिरियल नंबर नाही, तो दुसऱ्या भोकात घातला की विंडोजला नवा पाहुणा वाटतो आणि नवा कॉम नंबर, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर पोर्ट ओळखतो तो नंबर, मिळतो. त्या दुकानात पोर्टाशेजारी हळदीचं बोट लावून ठेवलंय.

दिवाणजी अजून जेवून आले की सवयीनं केबल हलवून बघतात. तेवढं तुम्ही टाळा, पोर्ट सैल झाला तर बोर्ड खोलून डाग द्यावा लागतो.