संस्थेच्या वाचनवर्गांचा परिणाम मोजायचा आहे, पण गणित दहावीलाच सुटलं. संख्याशास्त्र आणि संशोधन आराखडा कुठून शिकू?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू झालंय, पुण्यातल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळचे वाचनवर्ग घेणाऱ्या संस्थेत काम करता, आणि निधी देणाऱ्या कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी यंदा ‘किती मुलं आली’ याऐवजी ‘फरक किती पडला’ असं विचारलंय. चांगला प्रश्न विचारलाय त्यांनी. मी अशाच मूल्यमापनाचं काम करते, म्हणून सांगते: संख्याशास्त्राच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. आधी आराखडा शिका, म्हणजे कुणाला, केव्हा मोजायचं आणि कुणाशी तुलना करायची ते. आराखडा फसला की पुढे कुठलंही सूत्र तो सावरत नाही, आणि तो नीट असेल तर बऱ्याचदा दोन सरासऱ्यांची तुलनाही पुरते.

आराखड्याच्या मुळाशी प्रश्न असतो तो हा: वर्ग नसता तर हीच मुलं वर्षअखेर कुठे असती? जूनमध्ये नुसती अक्षरं ओळखणारी मुलगी मार्चमध्ये गोष्ट वाचते. पण मधल्या काळात ती शाळेतही गेली, वयानेही वाढली. फक्त आधी आणि नंतर चाचणी घेतली तर याचं सगळं श्रेय वर्गाला जातं. शिवाय तुम्ही सर्वांत कच्ची मुलं निवडून घेत असाल, तर त्यातली काही त्या दिवशी बुजलेली किंवा तापाने बेजार असतात. पुढच्या चाचणीत ती काही न शिकवताही थोडी वर येतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांत हेच सरासरीकडे सरकणं दाखवलं होतं.

हे समजून घ्यायला गडचिरोलीचा अभ्यास घ्या. मराठी माणसासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते ९५ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या गावांत ६२ होते, तुलनेच्या गावांत ५८. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, पहिल्या गावांत ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत साधारण ६० वरच राहिले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे चार आकडे कागदावर चौकोनात मांडा. एकीकडे ३६.५ ची घट, दुसरीकडे जवळजवळ २ ची वाढ, म्हणजे कामाचा परिणाम सुमारे ३८. फरकांमधला फरक काढण्याची पद्धत म्हणजे एवढंच. आता त्याच अभ्यासावर शंकाही घ्या: गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. सुरुवातीचे आकडे जवळजवळ सारखे होते याचा आधार मिळतो, पण शंका पूर्ण मिटत नाही. अशी शंका आपणहून सुचायला लागली की तुम्ही आराखडा शिकायला लागलात. आणि दोन्हीकडचा प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू नोंदला गेला, हे त्यातलं सर्वांत कष्टाचं काम. सूत्रापेक्षा त्याला मी जास्त मान देते.

तुमच्याकडे वर्गाच्या जागांपेक्षा इच्छुक वस्त्या जास्त असतील तर सरळ चिठ्ठ्या टाका. ज्यांचा नंबर लागणार नाही त्यांना पुढच्या वर्षी वर्ग द्या; तोवर तोच तुमचा तुलना गट. कार्यकर्त्यांना हे निष्ठुर वाटतं, पण जागा मर्यादितच असताना ओळखीने वाटण्यापेक्षा ते न्याय्य आहे. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेच्या उपक्रमात बालसखी, म्हणजे वस्तीतलीच एक तरुणी, मागे पडलेल्या मुलांना शिकवायची. त्या वेळी वडोदऱ्यात काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला, त्यामुळे एकही शाळा वगळावी लागली नाही. तो अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळालं. दुसऱ्या वर्षीचा परिणाम प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेले आहेत त्या मापाच्या) ०.२८ पट आला. प्रमाण विचलन का शिकायचं, याचं उत्तर इथे आहे: वेगवेगळ्या चाचण्यांचे गुण त्याशिवाय एका मापात येत नाहीत.

मग संख्याशास्त्राकडे या. सरासरी, प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी (नमुन्यातून काढलेली सरासरी किती हलू शकते), विश्वास अंतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता धरतो तो), त्यानंतर साधं रिग्रेशन (एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते ते रेषेने मांडणं). दहावीचं गणित यासाठी पुरतं. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा, कारण संस्थांचे अहवाल इथेच घसरतात. २० वस्त्यांतली ३०-३० मुलं म्हणजे ६०० मुलं, पण एका वस्तीतली मुलं एकमेकांसारखी असतात: तीच शाळा, तीच ताई. हे साम्य ० (मुळीच नाही) ते १ (अगदी सारखी) या मापावर ०.२ धरलं, तर एका मुलामागे त्याच्या वस्तीतली बाकीची २९ धरून १ + २९ × ०.२ = ६.८. सहाशेला ६.८ ने भागा, ८८ येतात. तुमच्या ६०० मुलांकडून मिळणारी माहिती सुट्या ८८ मुलांएवढीच असते. म्हणून प्रत्येक वस्तीत जास्त मुलं घेण्यापेक्षा जास्त वस्त्या घ्या.

पुण्यात आणखी एक अडचण हमखास येते. वाघोली, हिंजवडीकडे बांधकाम संपलं की मजुरांची कुटुंबं पुढच्या साइटवर जातात. गेलेली मुलं जास्त कच्ची असतील आणि मार्चमध्ये फक्त टिकलेली तपासली, तर सरासरी वाढलेली दिसते, कुणी काही शिकलेलं नसलं तरी. जून महिन्यातच पालकांचे दोन फोन नंबर घ्या, गेलेल्या मुलांची वेगळी यादी ठेवा, आणि त्यांचे जूनचे गुण टिकलेल्यांपेक्षा कमी होते का ते अहवालात लिहा. चाचणी नवीन बनवू नका. मुलांना किती वाचता येतं हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही तपासणी मराठीत तयार आहे. ती वर्ग घेणाऱ्या ताईंनी मात्र घेऊ नये.

शिकायची ठिकाणं: अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जे-पॅल या संशोधन केंद्राचे मूल्यमापनावरचे ऑनलाइन कोर्स घरबसल्या करता येतात. पुण्यात बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये जाहीर व्याख्यानं असली की जात जा. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तो इथूनच. आकड्यांकडे गंभीरपणे बघणारी माणसं अजूनही तिथे भेटतात. सॉफ्टवेअरची घाई नको. आधी एक्सेल, मग जामोवी, जमलं तर आर (R) ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर. शेवटची दोन्ही मोफत आहेत.

वर्ग सुरू होण्याआधी एक पान लिहा: काय मोजणार, कुणाशी तुलना करणार, किती फरक पडला तर तो पुरेसा मानणार, आणि काहीच फरक दिसला नाही तर वर्गात काय बदलणार. ते पान आकडे हातात येण्यापूर्वी सीएसआरवाल्यांना पाठवून द्या.